खापर कुणाच्या डोक्यावर?

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न भिवंडीत फार विचारला जातो. खोली भाड्याने घेताना विचारला जातो, सोयरिकीच्या बोलणीत विचारला जातो, कारखान्यात नवा कारागीर ठेवताना विचारला जातो, पोलीस चौकीत तर विचारला जातोच. उत्तरेही नाना तऱ्हेची असतात. कुणी कोकणी, कुणी मोमीन, कुणी आजमगढचा, कुणी मऊचा, कुणी मालेगावचा, कुणी तेलंगणातला, कुणी बंगालमधला. उत्तर ऐकल्यावर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मात्र प्रत्येक वेळी सारखे नसते. कधी तो प्रश्न ओळख वाढवण्यासाठी असतो, तर कधी समोरच्याला त्याची जागा दाखवून देण्यासाठी. एकाच वाक्यात दोन वेगळे हेतू लपलेले असतात. हे हेतू वेगळे कसे करायचे, हा मला सतावणारा प्रश्न आहे. त्याचा विचार करताना मला एका किड्याच्या कहाणीची मदत झाली. ती आधी सांगतो.

या किड्याचे नाव खपरा. साठवलेल्या धान्यातला हा एक भुंगेरा. पूर्ण वाढलेला खपरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांब, तपकिरी, दिसायला अगदी निरुपद्रवी. खरे नुकसान करते ती त्याची केसाळ अळी. गहू, तांदूळ, डाळी, तेलबिया, तिला काहीही चालते. खायला मिळाले नाही तर ती भिंतीच्या भेगेत, पोत्याच्या शिवणीत, लाकडी फळीच्या सांध्यात शिरून निपचित पडून राहते. महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षे. पुन्हा धान्य आले की पुन्हा सुरू. १८९८ साली एव्हर्ट्स या डच कीटकशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले, पण जगभर रूढ झाले ते आपलेच नाव, खपरा. हा शब्द आपल्या खापराच्या कुळातला. कौलांत आणि विटांच्या फटींत दडून बसणाऱ्या किड्याला लोकांनी दिलेले हे साधे नाव आज अमेरिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारी कागदांत आहे.

खपऱ्याचे मूळ भारतीय उपखंडात असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. गंमत अशी की या भुंगेऱ्याला पंख असूनही तो उडताना आढळत नाही. म्हणजे तो जगात जिथे जिथे पोहोचला तिथे तिथे माणसाने त्याला नेले. पोत्यातून, जहाजातून, कंटेनरच्या कोपऱ्यातून. १९५३ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या धान्यकोठारांत सापडला. मग अख्ख्या इमारतींवर ताडपत्री पांघरून आत विषारी वायू सोडण्याची मोहीम १९६६ पर्यंत चालली आणि तिच्यावर एक कोटीहून अधिक डॉलर खर्च झाले. २०११ पासून तर जिथे खपरा आहे अशा देशांतून येणाऱ्या प्रवाशाला अमेरिकेत सामानातून तांदूळ नेता येत नाही. मुलाकडे निघालेल्या आईने बांधून दिलेली तांदळाची पिशवी विमानतळावर काढून घेतली जाते ती या किड्यामुळे.

भिवंडीकराने ही कहाणी लक्ष देऊन ऐकावी असे मला वाटते. कामवारीच्या काठचे आपले गाव पूर्वी भाताचे आणि बंदराचे होते, मग मागांचे झाले आणि गेल्या दोन-तीन दशकांत गोदामांचे झाले आहे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडा, मानकोली, वळ या गावांच्या शिवारात जिथे भात डोलत होता तिथे आता पत्र्याची लांबच लांब छपरे आहेत. देशातला आणि परदेशातला माल इथे उतरतो आणि इथूनच पुढे जातो. लाकडी पॅलेट येतात, पुठ्ठे येतात, पोती येतात. त्यांच्याबरोबर न मागवलेले पाहुणेही येत-जात असणार. म्हणजे आपण नुसते माल घेणारे नाही, पाठवणारेही आहोत. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

आता प्रश्न असा की, एखाद्या देशात नवा किडा सापडला तर तो नेमका कुठून आला हे कळते कसे? पूर्वी अंदाजच चालत. कुठले जहाज आले होते, कुठला माल उतरला होता, कुणाच्या शेतात आधी दिसला. अंदाज म्हटला की त्यात पूर्वग्रह येणारच. गेल्या तीसेक वर्षांत हे काम जनुकांच्या आधारे होऊ लागले. त्याची रीत यंत्रमागाच्या गावाला समजावून सांगणे अवघड नाही. मागाच्या फणीचा एखादा दात वाकला की त्या मागावरून उतरणाऱ्या प्रत्येक ताक्यात उभी बारीक रेघ पडते. कापड नाशिकला विकले जावो की कोलकात्याला, जाणकार माणूस ती रेघ पाहून सांगतो की हे ताके एकाच मागावरचे. सजीवांच्या डीएनएची नक्कल पिढ्यान्‌पिढ्या होत असताना अशाच बारीक चुका होतात आणि त्या पुढच्या पिढ्यांत उतरतात. एका प्रदेशातल्या किड्यांत एक प्रकारच्या रेघा, दुसऱ्या प्रदेशात दुसऱ्या. नव्या जागी सापडलेल्या किड्याच्या रेघा जिथल्या रेघांशी जुळतात, तिथून तो आला असण्याची शक्यता जास्त. डीएनएचा एक छोटा भाग फक्त आईकडून येतो, त्यावरून आईचे घराणे कळते. दुसरे काही भाग आई-बाप दोघांकडून येतात, त्यांवरून मिसळण कळते. शिवाय थोडेच किडे आले असतील तर त्यांच्यातली विविधताही थोडीच असते. एका ट्रंकेत मावेल तेवढेच सामान घेऊन घर सोडणाऱ्या कुटुंबासारखे.

या पद्धतीने जे हाती आले ते शास्त्रज्ञांनाही चकित करणारे होते. तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण मक्याची मुळे कुरतडणाऱ्या अमेरिकन भुंगेऱ्याचे. हा किडा १९९२ मध्ये युरोपात प्रथम बेलग्रेडच्या विमानतळाजवळच्या शेतात दिसला. मग इटली, फ्रान्स असा ठिकठिकाणी दिसू लागला. सगळ्यांनी गृहीत धरले की बेलग्रेडला आलेला किडाच पसरत गेला. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की तसे नव्हते. अटलांटिक ओलांडून तो किमान तीन वेगवेगळ्या वेळी आला होता. म्हणजे एका दारावर पहारा ठेवून उपयोग नव्हता. ज्याला आपण एकमेव गुन्हेगार समजत होतो त्याच्याखेरीज इतरही वाटा उघड्या होत्या.

दुसरे उदाहरण आशियाई ढालकिड्याचे, म्हणजे लेडीबर्डच्या एका जातीचे. मूळ चीन, जपान, कोरिया, सैबेरिया या बाजूचे. मावा खातो म्हणून अमेरिकेने तो १९१६ पासून अनेकदा मुद्दाम आणून सोडला. बराच काळ तो टिकला नाही. १९८८ मध्ये टिकला आणि मग असा वाढला की स्थानिक ढालकिड्यांना भारी पडला. पुढे युरोप, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेत तो पसरला. साहजिकच सगळ्यांचे बोट आशियाकडे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मात्र सांगितले की या सर्व ठिकाणी पोहोचलेल्या किड्यांचा उगम मुख्यतः पूर्व अमेरिकेत स्थिरावलेल्या किड्यांत आहे. युरोपात त्यात शेतकऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पाळीव वाणाची मिसळणही झालेली आहे. शास्त्रज्ञ अशा मधल्या मुक्कामाला लष्करी भाषेतले नाव देतात, म्हणजे परक्या किनाऱ्यावर आधी मिळवलेला तळ, जिथून पुढची स्वारी निघते. मग हा किडा मूळचा कुठला? आशियाचा म्हणावे तर आशियातून तो थेट तिथे गेलेलाच नाही. अमेरिकेचा म्हणावे तर तिथे तो पाहुणा. ‘मूळ’ या शब्दाला किती मजले असतात ते इथे कळते.

तिसरे उदाहरण कोकणाला जवळचे. नारळ पोखरणारा सोंड्या भुंगा आपल्या वाड्यांत सगळ्यांनी पाहिलेला आहे. दक्षिण आणि आग्नेय आशियातला हा किडा १९८० च्या दशकात आखाती देशांतल्या खजुराच्या बागांत शिरला आणि त्याने तिथे हाहाकार उडवला. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लगुना बीच या गावी खजूरवर्गातल्या झाडात असाच भुंगा सापडला. साहजिकच त्याच्यावर याच कुप्रसिद्ध सोंड्याचे नाव लागले. २०१३ मध्ये डीएनए तपासल्यावर कळले की तो सोंड्या नव्हेच. दिसायला जवळची, पण वेगळी जात. तिचे धागे इंडोनेशियातल्या बाली बेटाशी जुळले. आरोपीचे नावच चुकले होते.

या तिन्ही उदाहरणांतून एक गोष्ट मला लख्ख दिसते. पुरावा हाती नसताना ‘कुठून आला’ याचे जे उत्तर आपण देतो ते बहुधा सोयीचे असते, खरे असेलच असे नाही. आपल्या भाषेत याला नेमका वाक्प्रचार आहे, खापर फोडणे.

महाराष्ट्राच्या मातीतले याचे उदाहरण म्हणजे गाजर गवत. हे मूळचे अमेरिका खंडातले तण. १९५५ मध्ये पुण्यात उकिरड्यावर वाढलेले दिसले आणि १९५६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे ते देशभर पसरले. शेते गेली, कुरणे गेली, लोकांना त्वचेचे आणि दम्याचे विकार जडले. लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ म्हटले आणि ते पीएल ४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर आले हे घराघरांत पोहोचले. आता तारखा पाहा. पीएल ४८० खाली भारताचा अमेरिकेशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. गवत पुण्यात दिसले त्याच्या आदल्या वर्षी. त्याहूनही जुन्या नोंदी अभ्यासकांनी पुढे आणल्या आहेत. त्याआधीच्या कुठल्या आयात धान्यातून ते आले असेल, नंतरच्या गव्हातून आणखी बी आले असेल, हे सगळे शक्य आहे. पण ज्या एका कराराच्या डोक्यावर आपण साठ-सत्तर वर्षे खापर फोडत आलो त्याच्या आधीच ते इथे होते. तरीही ही कथा मरत नाही, कारण तिच्यात एक परका आहे, एक राज्यकर्ता आहे आणि आपण निव्वळ बळी आहोत. अशी कथा सगळ्यांना आवडते.

कुणी म्हणेल, मग मूळ शोधूच नये काय? तसे मी म्हणत नाही. गाजर गवताचेच पुढे ऐका. त्याचे मूळ ठाऊक होते म्हणूनच शास्त्रज्ञांना तिथल्या त्याच्या शत्रूचा शोध घेता आला. मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचा पट्टेरी भुंगेरा आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडण्यात आला आणि तो गाजर गवताची पाने फस्त करू लागला. काही वर्षांनी तो कर्नाटकात सूर्यफुलावर दिसला तेव्हा मोठी ओरड झाली. ‘परदेशी किडा आणून पिकावर सोडला’ म्हणून. तपासणीत आढळले की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे पराग साचल्यामुळे भुंगेरा तिकडे वळत होता. इथे मूळ शोधणे उपकारक ठरले, कारण ते उपायासाठी होते.

तसेच गेंड्या भुंग्याचे. हाही आपल्या नारळांचा जुना वैरी. १९०९ च्या सुमारास तो श्रीलंकेतून रबराच्या रोपांबरोबर पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर गेला. १९६३ मध्ये मलेशियात त्याला मारणारा एक विषाणू सापडला आणि अनेक बेटांवर त्या विषाणूने नारळ वाचवले. २००७ मध्ये ग्वाम बेटावर गेंड्या आला तेव्हा हाच उपाय केला, पण तो लागू पडेना. जनुके तपासल्यावर दिसले की ग्वामचे घराणे वेगळे आहे आणि जुना विषाणू त्याला फारसे काही करत नाही. घराणे कळले नसते तर लोक चुकीचे औषध देत बसले असते. वैद्याने रोग्याला ‘काय खाल्ले, कुठे गेला होतास’ विचारावे तसा हा प्रश्न. फौजदारानेही तेच शब्द वापरले तरी अर्थ बदलतो.

आता माणसांकडे येतो. इथे पाऊल जपून टाकले पाहिजे, कारण किड्यावरून माणसाकडे जाणारी वाट रक्ताने भरलेली आहे. १९९४ मध्ये रवांडात रेडिओवरून तुत्सी लोकांना झुरळे म्हटले गेले आणि काही आठवड्यांत लाखो माणसे कापली गेली. आपल्याकडेही २०१८ मध्ये जाहीर सभांतून घुसखोरांना वाळवीची उपमा दिली गेली. माणसाला किडा म्हटले की त्याच्याशी बोलायचे कारण उरत नाही, फक्त औषध फवारायचे उरते. तेव्हा स्पष्ट सांगतो. मी किड्यांचे उदाहरण माणसांना लावण्यासाठी देत नाही. खपरा शब्द देत नाही, पाळत नाही, कर भरत नाही, शेजाऱ्याच्या जनाजाला खांदा देत नाही. पृथ्वीवरची सगळी माणसे एकाच जातीची आहेत, कुठलाही माणूस दुसऱ्या माणसाच्या देशात ‘परकी प्रजाती’ नसतो. मला उलट मुद्दा मांडायचा आहे. किड्यांच्या बाबतीतसुद्धा जो न्याय आता अपुरा ठरतो आहे तो आपण माणसांना कसा लावतो?

किड्यांच्या बाबतीत अपुरा म्हणजे काय? २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मार्क डेव्हिस आणि त्यांच्या अठरा सहकाऱ्यांनी लिहिले की सजीवांना त्यांच्या मूळ ठिकाणावरून जोखू नये, ते आज काय करतात यावरून जोखावे. डॅनियल सिम्बरलॉफ आणि १४१ शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिले की नव्याने आलेल्या जातींबद्दल सावध राहण्याला कारणे आहेत, कारण नुकसान दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण एक गोष्ट दोघांनाही मान्य दिसते. प्रश्न नुकसानीचा आहे, मूळ हा फक्त एक संकेत आहे. मूळ म्हणजे गुन्हा नव्हे.

भिवंडीचा इतिहास या कसोटीवर पाहा. इथले कोकणी मुस्लिम किनाऱ्यावरच्या जुन्या व्यापाराशी नाते सांगतात. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतले विणकर इंग्रजांच्या दडपशाहीतून निघून इकडे आले आणि त्यांनी हातमाग उभे केले. पुढे यंत्रमाग आले. तेलंगणातले पद्मशाली आले, बिहार, ओडिशा, बंगालमधले कारागीर आले. आज मूळचा भिवंडीकर म्हणजे कोण, याचे उत्तर देताना ढालकिड्यासारखीच पंचाईत होईल. आजमगढहून निघालेले घराणे चार पिढ्या इथे राहिले, त्यातला मुलगा मालेगावात गेला, त्याचा मुलगा परत आला. तो कुठला?

तरी मूळ विचारणारे विचारत राहतात आणि आपण उत्तर देत राहतो. इथे आपल्याकडून एक घोटाळा होतो असे मला वाटते. २०१० मध्ये भारतातल्या मुस्लिमांचा एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर प्रदेश, गुजरात, तमिळनाडू, केरळ इथल्या समूहांचा. निष्कर्ष असा की हे लोक जनुकांनी बहुतांशी आपल्या हिंदू शेजाऱ्यांसारखेच आहेत. अरबस्तान, इराण, आफ्रिकेकडचे अंश काही समूहांत आढळतात, पण थोडे. अशी माहिती हाती आली की आपण हरखून जातो. पाहा, आम्ही इथलेच! हे म्हणणे खोटे नाही. पण ते हक्काचा पुरावा म्हणून पुढे केले की आपण समोरच्याचा नियम मान्य करून बसतो. नियम असा, की ज्याचे रक्त इथले त्याची जमीन. मग ज्याच्या रक्तात तो थोडा अंश आहे, त्याचा हक्क थोडा कमी काय? १८५७ नंतर आलेल्याचा त्याहून कमी, आणि परवा मुर्शिदाबादहून आलेल्याचा शून्य? निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून चुकीचा कायदा बरोबर ठरत नाही. उद्या तोच कायदा आपल्याच मोहल्ल्यातल्या दुसऱ्या कुणाविरुद्ध वापरला जाईल आणि तेव्हा बोलायला आपल्याला तोंड उरणार नाही.

घटनाकारांनी हा घोळ ओळखला होता. कलम ५ मध्ये त्यांनी भारतात वास्तव्य असलेल्या माणसाला नागरिक मानताना तीन आधार दिले. इथला जन्म, किंवा आई-बापांपैकी एकाचा इथला जन्म, किंवा घटना लागू होण्याआधी सलग किमान पाच वर्षांचा मुक्काम. फाळणीच्या वणव्यातून देश जात असताना त्यांनी मुक्कामालाही जन्माच्या पंगतीत बसवले. वंश विचारला नाही. २०१९ च्या अखेरीस घराघरांत आजोबांच्या जन्माचे कागद शोधण्याची धांदल उडाली होती, तेव्हा हे कलम मला वारंवार आठवत होते.

पण नुसते दुसऱ्यांकडे बोट दाखवून चालणार नाही. आपल्याही घरात हा किडा आहे. आपल्यातले कितीतरी लोक शजरा काढून दाखवतात, घराणे थेट अरबस्तानाला नेऊन भिडवतात. सय्यद, शेख एका पंक्तीत आणि अन्सारी, कुरेशी, बागवान दुसऱ्या पंक्तीत. कोकणी घरात मोमीन जावई चालत नाही, मोमीन घरात आणखी कुणी चालत नाही. उत्तरेतून आलेल्या कामगाराला ‘भैया’ म्हणताना आणि बंगाली बोलणाऱ्या कारागिराला ‘बांगलादेशी असेल’ म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. कुळे आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, मोठेपणा मिरवण्यासाठी नाहीत, हे आपण मशिदीत ऐकतो आणि दाराबाहेर चप्पल घालताना विसरतो. आपल्याला जो प्रश्न बोचतो तोच आपण खालच्याला विचारतो. मग वरच्याने विचारला म्हणून तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

मग मूळ शोधण्याचा योग्य मार्ग कोणता? मला वाटते, प्रश्न तीन आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. कुठून आले? कशामुळे आले आणि पसरले? आज त्याने काय होते आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहास आहे. दुसऱ्याचे उत्तर जबाबदारी ठरवते. तिसऱ्याचे उत्तर निर्णय ठरवते. पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरावर निकाल देऊन टाकणे, यालाच मी अन्याय म्हणतो.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व भिवंडीइतके कुणाला कळावे? १९७० आणि १९८४ च्या मे महिन्यांत हे गाव जळले. प्रत्येक वेळी चर्चा एकच, सुरुवात कुणी केली, बाहेरचे कोण होते. १९८८ मध्ये इथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वेगळा प्रश्न धरला, की आग पसरते कशी? अफवा कुठल्या वाटेने जाते, पोलीस आणि वस्ती यांच्यात बोलणे का नाही, शेजारी शेजाऱ्याला का ओळखत नाही. त्यातून मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, दोन्ही समाजांची माणसे एका चटईवर बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना पन्नासेक किलोमीटरवरची भिवंडी शांत राहिली. मूळ कोण याचा शोध थांबवून वाट कोणती याचा शोध घेतला, त्याचे हे फळ.

आणि जबाबदारी म्हटली की ती पाठवणाऱ्यावरही येते. खपरा आपल्या उपखंडातला आहे, हे ऐकून लाज वाटण्याचे कारण नाही, रागावण्याचेही नाही. पण गोदाम झाडणे, भेगा बुजवणे, जुनी पोती तशीच न वापरणे, लाकडी पॅलेट प्रक्रिया केलेलीच घेणे आणि धुरी देताना आत काम करणाऱ्या हमालाच्या छातीत तो वायू जाणार नाही हे पाहणे, एवढे तर आपल्या हातात आहे. स्वस्तात काम उरकण्यासाठी त्या हमालाला तोंडावर नुसता रुमाल बांधून आत पाठवणारा मालक कोकणी आहे की मोमीन, मारवाडी आहे की आगरी, याने काय फरक पडतो? तो हमाल कुठून आला यानेही फरक पडत नाही. त्याला खोकला होतो आहे, हे खरे आहे आणि त्याचे कारण शोधता येते.

म्हणून एवढेच सुचवतो. यापुढे आपल्या दारात कुणी खोली मागायला आला, तर त्याचे गाव जरूर विचारावे. गावाची आठवण निघाली की परक्या मुलुखात माणसाला बरे वाटते. तिथली भाकरी, तिथली नदी, तिथून निघावे का लागले, हेही विचारावे. फक्त त्याच्या उत्तरावर खोलीचे भाडे आणि आपली वागणूक ठरवू नये. भाडे खोलीवरून ठरावे आणि वागणूक त्याच्या वागण्यावरून.